मणक्यातलं पाणी

माणसं माझ्याकडे नळ्यांतून येतात,
चिकटपट्टीवर नाव, वय, तारीख.
चेहरे क्वचित. हिचा पाहिला,
कारण त्या रात्री हिला धरायला दुसरं कुणी नव्हतं.

पायल डुलीचंद कापगते. सहा वर्षं. बोडीच्या पल्याडची.
सकाळी ताप, दुपारी उलट्या,
दिवेलागणीला डावा हात आपला आपणच नाचू लागला.
मलेरियाच्या पट्टीवर एकच रेघ, म्हणजे नाही.
साखर ठीक.
इखारबाईंनी डोक्याखाली हात घालून मान वाकवून पाहिली,
तर पाठच उचलली गेली,
फळी एका टोकाला धरून उचलावी तशी.

'पाठीतलं पाणी तपासावं लागेल.'
'त्यानं लुळी होते म्हणतेत जी पोट्टी,'
डुलीचंद म्हणाला, आणि बघितलं माझ्या पायाकडे.
बाईंनी स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं:
मुख्य दोरी संपते ती इथं वर, सुई जाते ती इथं खाली.
मला सांगायचं होतं, माझा पाय सुईनं नाही नेला.
दोन थेंब तोंडात पडायचे होते,
त्या साली आमच्या टोलीपर्यंत ते आले नाहीत.
नाही सांगितलं. हातमोजे घातले.

औषधं तोवर सुरू झाली होती.
या आजारात नावासाठी थांबायचं नसतं.
एक जंतूंवर, एक नागिणीच्या घराण्यातल्या विषाणूवर,
एक झटक्यांवर.
चोर कोण ते कळायच्या आत
सगळ्या दारांना कड्या.

बाईंनी डोळ्यांचे पडदे बघितले, दाबाची जमेल तेवढी खात्री केली.
मी तिला कुशीवर घेतलं, गुडघे पोटाशी,
आणि तसाच धरून राहिलो.
तिच्या केसांना चिखलाचा वास होता, रोवणीचा.
थेंब आले. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.
'साफ हाय ना जी?' तिची माय दारातून म्हणाली,
'मंग तं बरंच हाय.'

काचेवरच्या चौकोनांत मी मोजत बसलो.
पाचाच्या आत असायला हव्यात
तिथं एकशे दहा पेशी,
जवळजवळ सगळ्या लिम्फोसाइट.
पुन्हा मोजल्या. एकशे चौदा.
नितळ पाण्याचा मला तेव्हापासून भरवसा नाही.

पहाटे तीनला धनपालनं गाडी काढली.
आत पोरगी, सलाईन धरलेली माय,
आणि पायाशी बर्फाचा निळा डबा, पोलिओच्या लशीचा,
त्यात उभी माझ्या अक्षरातली नळी.
साकोलीच्या पुढं एकदा झटका आला, एवढं कळलं.
मग नागपूर, मेडिकल, बावीस दिवस.

त्या आठवड्यात हिवतापवाले आले,
कापगत्यांच्या मातीच्या भिंतीच्या भेगांत
टॉर्च मारून वाळूमाश्या शोधल्या, भेगा लिंपल्या,
डुकरांचे वाडे मोजले, बांधीतल्या अळ्या बाटलीत भरल्या.
गावानं विचारलं, सापडलं का?
रिपोर्ट एकोणिसाव्या दिवशी आला.
तीन नावं, तिघांसमोर एकच ओळ: आढळला नाही.
नोंदवहीत मी लिहिलं, मेंदूज्वर, कारण अज्ञात.
एवढी वर्षं लिहितोय,
'अज्ञात' लिहिताना हात अजून सावकाश चालतो.

आता ती मंगळवारी येते, झटक्यांच्या गोळ्या न्यायला.
चालते नीट. डाव्या हातानं बटण लागत नाही.
काही शब्द मात्र तिकडंच राहिले.
चमच्याला दार म्हणते, मला 'तो पाण्याचा'.
माय वळून पुसते डोळे, मग मलाच विचारते,
'नाव काय म्हणा जी त्या बिमारीचं? लोकं पुसतेत.'

लॅबच्या खिडकीबाहेर बांधी आहे.
परवा तिथं बगळा उभा होता, एका पायावर.
'काय हाय वो ते, पायल?'
ती बघत राहिली. ओठ हलले. 'वाटी,' म्हणाली.
'बग...' मायनं अर्धा शब्द पुढं केला, बोट धरायला द्यावं तसा.
पोरगी कपाळाला आठ्या घालून शोधत होती
आणि तेवढ्यात तो उडाला,
बोडीकडं.
'गेला,' ती म्हणाली.

हा शब्द बरोबर होता.
मी पुढची नळी उचलली.