परिशिष्ट तीन: अपवाद

एकसष्ट प्रिंटर. मी स्वतः मोजले,
पुंता अरेनासच्या नगरपालिकेत, तीन मजले आणि एक तळघर,
हातात पॅड, पॅडला दोन चिमटे,
कारण कुणी खिडकी उघडली की इथे कागद जागेवर राहत नाहीत.
वारा सामुद्रधुनीवरून येतो
आणि आधी वाचून मग फेकतो, असं वाटतं.

वरून हुकूम: एकसष्टांच्या जागी सात.
सामाईक. भाड्याने, चार वर्षं, पानामागे इतके पेसो,
शाई त्यांची, कागद आमचा,
बिघाड झाल्यास सहा तासांत माणूस हजर.
सहा तासांत, सान्तियागोहून!
त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली.

परवाने विभागातल्या ओर्तेन्सियाने
प्रिंटरला विणलेलं आवरण घातलंय, वर निवडुंगाची कुंडी.
"माझं कुठे, खात्याचंच आहे," ती म्हणाली
आणि कुंडी जवळ ओढली.
रस्ते विभागात दोन टेबलांवर दोन, मध्ये दीड हात अंतर.
बार्रिया आणि कुसानोविच मागच्या निवडणुकीपासून बोलत नाहीत,
ज्याची त्याची चूल वेगळी.
कर विभागाच्या ट्रेमध्ये
हरवलेल्या कुत्र्याचं चित्र, वीस प्रती,
आणि कुणाचा तरी नोकरीचा अर्ज, दुसऱ्या गावचा.
मी तो पालथा ठेवला.
मोजणीत हे कुठे धरायचं, त्याला रकाना नव्हता.

रात्री घरी कलमं लिहिली.
कलम नऊ: कार्ड लावल्याशिवाय पान बाहेर येणार नाही.
कलम अकरा: न नेलेली पानं चोवीस तासांनी आपोआप पुसली जातील.
कलम चौदा: करार संपताना यंत्राची स्मृती
आमच्या माणसासमोर नष्ट करावी.
दुसरा शब्द शोधत होते,
तेवढ्यात भात करपला.

तळघर शेवटी ठेवलं होतं. दफनभूमी कार्यालय.
कुस्तोदियो मान्सिया आणि त्याचं सुयांचं यंत्र,
कर्रकर्र, तीन प्रती, मध्ये कार्बन,
कागदाच्या दोन्ही कडांना भोकांची पट्टी.
माझ्याच वयाचं असेल.
म्हटलं, याला आता निवृत्ती.
मान्सिया मुळात कमी बोलतो;
त्याच्यासमोर बसणारी माणसं एक तर फार बोलतात
किंवा तीही बोलत नाहीत.
त्याने खणातून एक परवाना काढला,
बदलून घ्यायला कुणी बाई घेऊन आली होती.
दफनाच्या दिवशी आडवा पाऊस,
शाई वाहून गेलेली, कागद कोरा, जरासा निळसर.
"डोळे मिटा," म्हणाला,
आणि माझं बोट धरून कागदावरून फिरवलं.

खळगे. आधी नुसतेच खळगे.
मग रांग. मग एक चार.
मग एक आडनाव, हळूहळू,
जिभेवर येण्याआधी बोटाला कळलेलं.

"बाईने जागा अशीच शोधली," तो म्हणाला.
"तुमची ती सात कागदावर लिहितात.
हे कागदात लिहितं."
मग चहा विचारला. मी नको म्हटलं, आणि बसले.

निविदेला परिशिष्टं दोनच होती.
मी तिसरं जोडलं.
यंत्र: एक. जागा: तळघर. सामाईक: नाही.
कारणासाठी जागा दीड ओळ.
आधी लिहिलं, "वापराची विशेष गरज." खोडलं.
मग लिहिलं, "पाऊस."
लेखापाल विचारतील. विचारू देत,
त्यांना खाली घेऊन जाईन, डोळे मिटायला सांगेन.

आज दुपारी निविदा दाराबाहेरच्या फलकावर लागली,
चार कोपऱ्यांना चार टाचण्या.
पाचवी मी वाऱ्यासाठी मध्ये मारली,
"सामाईक" या शब्दाच्या जराशी खाली.
बार्रिया वाचत उभा होता.
मागून कुसानोविच आला, त्याला अक्षर दिसेना,
आणि बार्रिया, न बोलता,
अर्धं पाऊल बाजूला सरकला.