दुतोंडी रांग

धोपाव्याच्या जेट्टीवर, तिकीटखिडकीच्या मागे
खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी क्लास लिहिते आहे.
नाव दिलंय : रांग.
आतली यादी प्रायव्हेट. बाहेरून चारच दारं –
पुढून घे, पुढून सोड,
मागून घे, मागून सोड.
पुस्तकात याला डेक म्हणतात,
बोटीच्या डेकशी नातं काही नाही.

"म्हणजे मांडूळ," अन्वरचाचा परकार म्हणतात,
गठ्ठ्याला थुंकी लावून तिकीट फाडत.
एकवीस वर्षं ही रांग त्यांच्या शिट्टीवर चालली.

हो, मांडूळच.
येईल तो मागून. अँब्युलन्स आली तर पुढून घ्यायची.
आणि शेवटचा कुणी वैतागून
रिव्हर्स टाकून चिपळूणच्या लांबच्या रस्त्याला लागला,
तर त्यालाही मागून सोडता येतं.
फक्त मधल्याला हात लावायची सोय नाही.

पावणेबाराची फेरी. ओहोटी.
रॅम्पची जीभ चिखलाला टेकलेली. आत जागा सात गाड्यांची.
आठवा : बर्फाचा टेंपो, खालून ठिबकणारा.
हेमांगी पालशेतकर खिडकीत येते.
"सुरमई आहे. दापोलीचा बाजार उठेल."
मी स्क्रीन तिच्याकडे वळवते :
तुमच्या मागे अजून पाच आहेत. तुम्ही मधल्या.
तशी मेथडच नाही.
ती स्क्रीन बघत नाही,
टेंपोखालून जेट्टीच्या कडेपर्यंत गेलेली ओली रेघ बघते.

उपाय मला ठाऊक आहे.
सात पुढून काढायचे, आठवा सोडायचा,
सात पुन्हा पुढूनच आत, उलट्या क्रमाने,
म्हणजे क्रम जसाच्या तसा.
कागदावर तीन ओळी.
पण सात ड्रायव्हरांना सांगायचं कुणी?

चाचा उठतात. शिट्टी खिशातच.
एकेका काचेशी वाकतात, काही बोलतात.
लग्नाच्या गाडीतला नवरा मुंडावळ्या सावरत
स्वतःच खाली उतरून गाडी मागे घ्यायला हात करतो.
टेंपो बोटीवर चढतो. मग सहा जण.
सातवा, चिऱ्यांचा ट्रक, जेट्टीवर राहतो.
ड्रायव्हर चाकाच्या सावलीत बिडी पेटवतो.

"त्याला काय सांगितलंत?"
"सांगितलं कुठं? विचारलं.
चिरा नासतो का, एवढंच."

रत्नागिरीच्या कॉलेजात मी वहीत उतरवून घेतलं होतं :
ऑब्जेक्टच्या आत हात घालू नये,
त्याला निरोप द्यावा, तो काय ते करील.
परीक्षेत पाच मार्कांना होतं.

बोट दाभोळकडे वळते आहे.
मी नवी मेथड उघडली आहे,
कंसात काय घालायचं ते सुचत नाही.