अठ्ठाविसावा दिवस

डंडीत, लॅबच्या तळघरात,
माझा काँक्रीटचा ठोकळा अठ्ठावीस दिवस
पाण्यात बसून होता. वीस अंश,
ना कमी ना जास्त.
माझी खोली चौदावर.
मीटरला पैसे की जेवणाला, या हिशेबात
मी त्याचा हेवाही केला.

वर खडूनं 'ऋ' काढला होता.
फर्गस म्हणाला, हे चित्र कसलं?
माझ्या नावाचं पहिलं अक्षर.
बरं, मग जपून फोडू.

काटा चढत गेला. तीनशे. चारशे.
चारशे वीसला कट्‌ असा
अगदी घरगुती आवाज.
चारी बाजू गळल्या, मधे डमरू उरला.

"छान फुटलाय," म्हणत
त्यानं वहीत बरोबरची खूण केली.

एक कपची मी खिशातून आणली,
बंद हीटरवर ठेवली.
आतून अजून ओलीच होती.