टाच बाहेर

क्लिपलेस म्हणतात त्यांना. बिनक्लिपचे.
आणि काम काय, तर बूट पकडून ठेवायचा.
नेरिस सांगते, पूर्वी पंजावर पट्टे असायचे, चामड्याचे,
ते गेले, आणि गेल्याचं तेवढं नावात उरलं.
नाव सोनूबाई, मी म्हणते.
ती काउंटरवर फडकं पसरते.

चार जोड्या.
एक म्हणजे नुसती रवी: चार पाती, मधे दांडा,
चिखल घुसळून बाहेर टाकते म्हणे.
एकीला भोवती ओटा आहे, अ‍ॅल्युमिनियमचा,
पाय चुकला तरी टेकायला जागा.
एक जपानी, जड, कंटाळवाणी, तिला कधी काही होत नाही.
चौथी सोनेरी.
चौथीकडे आम्ही दोघीही पाहत नाही.

माझ्या उजव्या नडगीवर अकरा ठिपके आहेत,
सपाट पेडलच्या खिळ्यांनी काढलेले,
रेघांनी जोडायचे राहून गेलेले.
खाणीमागच्या उतारावर मुळांनी पाय उडवला
आणि पेडल गिरकी घेऊन परत आलं.
म्हणून ब्लायनायच्या या दुकानात उभी आहे,
एक्कावन्नाव्या वर्षी, टपाल वाटून, लाल जॅकेटसकट,
स्वतःला सायकलला बांधून घ्यायला.

"स्प्रिंग किती ढिली होते?"
"अगदी. तीन मिलीमीटरची चावी, उलटी फिरव."
"आणि नाही सुटला तर?"
नेरिसला धंदा करायचाय, खोटं बोलली असती तरी चाललं असतं.
"तर पडशील," म्हणाली.

पडलेय मी. बारा वर्षांपूर्वी, उसन्या बुटांत.
वेगात नव्हे, उडीवर नव्हे.
मेंढ्यांच्या फाटकाशी, उभ्या उभ्या,
हात कडीकडे नेलेला,
चेहऱ्यावर एखाद्या शहाण्या बाईचे भाव,
आणि तोडलेल्या झाडासारखी डावीकडे.
दोन मेंढ्या चघळायच्या थांबल्या.
इतकं हळू पडताना विचाराला केवढा वेळ असतो!
सगळं आठवलं. गॅस, किल्ल्या, आईचा वाढदिवस.
फक्त टाच आठवली नाही.

हीटरजवळ इद्वल चहा पितोय.
त्याला सायकल येत नाही. दुकान ऊबदार असतं म्हणून येतो.
"माझा बाप," तो कपाला सांगतो,
"पाटीच्या दगडाच्या कड्यावर लोंबकळायचा,
मांडीला साखळी वेढून.
दोन वेढे, तिसरा अर्धा. गाठ नाही, कुलूप नाही.
त्याच्याच वजनानं धरायची त्याला.
सुटायचं तर गुडघा असा..."
आणि खुर्चीतच गुडघा वळवतो,
तो कटकन वाजतो, नेरिस वर बघते.
नको तेव्हा सुटली का कधी, मी विचारते.
इद्वल बिस्कीट बुडवतो. बिस्कीट तुटून चहात पडतं.
"साखर आहे का गं," तो नेरिसला विचारतो.

मी ओट्यावाली घेते.
बुटाखालची क्लीट जाईल तितकी मागे,
स्प्रिंग सगळ्यात ढिली, स्क्रू आणखी फिरेना तोवर.
मग भिंतीला धरून वीसदा:
खट्. टाच बाहेर. खट्. टाच बाहेर.
न हलणाऱ्या सायकलवर सगळ्यांनाच येतं.

रविवारी पाऊस, आणखी काय.
ओला झाला की इथला दगड काळा नाही, जांभळा होतो.
त्याच मुळांवर चाकं नाचली,
पाय नाचले नाहीत.
खाली पोचून हसले, मोठ्यानं, एकटीच.

मग फाटक.
तेच. कडी नवी, मेंढ्या बहुतेक दुसऱ्या.
दहा हात आधीपासून पुटपुटत होते.
डावी टाच बाहेर.
खट्.
बूट चिखलात, घोट्यापर्यंत, काय छान थंड.
उजवा अजून अडकलेलाच होता.
त्याला मी काही बोलले नाही.