डावं पुढचं चाक

लिएपायाच्या रस्त्यांवर पाच महिने मीठ पडतं.
बर्फ वितळतो, मीठ उरतं,
आणि सवडीने खात बसतं
गाड्यांच्या पोटाखाली, जिथे कुणी वाकून बघत नाही.

गाडी एक्क्याण्णव सालची.
रंग कागदोपत्री निळा.
मार्चपासून डावीकडे ओढत होती.
बाजारातून परतले की तेवढं एकच चाक तापलेलं,
त्यावर उडालेला बर्फाचा चुरा
चर्र करून नाहीसा व्हायचा.
मला वाटलं, ब्रेक लागत नाही.
सासरे म्हणाले, लागतो. सुटत नाही.

तेवढंच बोलले.
रैतिस आयर्लंडला गेल्यापासून
आमच्या घरात शब्द
रेशनच्या साखरेसारखे मोजून निघतात.

गॅरेजांची लांब रांग,
लोखंडी दारं, पांढऱ्या रंगात नंबर.
आमचा एकशे बारा.
एकशे तेरामध्ये तालिवाल्दिस मासे धुरी देऊन सुकवतो,
पाना मागितला की वर मासाही देतो.

जॅक. शेजारी लाकडाचा ओंडका,
कारण जॅकवर सासऱ्यांचा विश्वास नाही.
वरचा बोल्ट निघाला. खालचा नाही म्हणाला.
तेल पाजलं. वाट पाहिली. हातोडीने समजूत काढली.
शेवटी नळी बाजूला धरून ज्योत लावली,
तेव्हा तो एकदाच किंचाळला
आणि फिरला.

कॅलिपर तारेने टांगला:
नळीवर भार येता कामा नये.
तार म्हणजे रैतिसच्या लग्नातल्या कोटाचा हँगर,
सरळ केलेला.
मी ओळखला. बोलले नाही.

पिस्टन पंपाच्या हवेने बाहेर आला,
फडक्यात, फटकन, दात पडावा तसा.
ओल्या पॉलिश कागदाने घासला तासभर.
रेडिओवर हवामान दोनदा सांगून झालं.
मग त्यांनी त्यावरून नख फिरवलं.
"अडलं."
दुसऱ्या बोटाचं फिरवलं.
मग माझा हात घेतला आणि माझं,
जणू माझं नख काही वेगळं सांगणार होतं.
अडलं. गंजाचा खड्डा, खसखशीएवढा.
चौदा युरोचा रबरांचा संच
पाकिटातच राहिला.

नवा कॅलिपर गुरुवारी आला, पोलंडहून,
इतका चकचकीत की गाडीला शोभेना.
तांब्याचे वॉशरही नवेच.
"जुने नकोत. तांबं एकदा दबलं की दबलेलंच राहतं."

आता हवा काढायची. याला दोन माणसं लागतात.
एक खाली, पारदर्शक नळी आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन,
एक आत, पेडलवर पाय ठेवून.
आत रैतिस बसायचा,
आठ वर्षांचा असल्यापासून, पाठीमागे उशी घेऊन.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
सोड.
सोडलं.

चाळीस वेळा तरी.
खिडकीतून समुद्राचा वारा आणि माशांचा धूर.
ते दिसत नव्हते, नुसता आवाज,
चाकाच्या कमानीतून येणारा.
सात वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.
"बुडबुडा आहे अजून."
दाब. धर.

एकदा ते सोड म्हणायला विसरले.
मी पाय तसाच रोवून बसले,
मांडी थरथरायला लागली तरी.
खालून काहीच नाही.
मग नाक ओढल्याचा आवाज, गारठ्याचा असेल,
आणि:
"सोड, झेल्मा."

पेडल दगडासारखं घट्ट झालं.
बंदरापर्यंत गेलो.
रिकाम्या रस्त्यावर सहा वेळा थांबलो, कारण नसताना.
परतल्यावर त्यांनी पालथा हात
आधी उजव्या चाकाजवळ नेला, मग डाव्या,
मग परत उजव्या.
"सारखीच," म्हणाले.

जुना कॅलिपर भंगारात द्यायचा होता.
दुसऱ्या दिवशी पाहिलं, तो फळीवर होता,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
आणि नख अडतं तिथे
बोटभर ग्रीस.