कोनातलं बी

दोन नंबरचा लूम बंद झाला,
तेव्हा पोतंभर कागदी कोन उरले.
निमुळतं टोक खाली, आत माती,
वर चिमूटभर शेणखत,
एकेकात एकेक बी.

बी नीलव्वाचं. वडगावातल्या आमच्या
परड्याच्या भिंतीवरून दिलेलं,
इरकलीच्या चिंधीत गाठ मारून.
कसलं, म्हटलं तर
"बरली, नोडूण."
येऊ दे, बघू. एवढंच.

सहाव्या दिवशी दोन-दोन पानं.
या वयात सगळी सारखीच दिसतात.
मी कोनावर पेन्सिलीनं लिहिलं: मिरची.
रेवानं त्याखाली, शाळेतल्या कन्नडात: बदनीकाई.
झारीच्या पाण्यानं दोन्ही पुसलं.

अकरा रोपं बुडाशी कुजून आडवी झाली.
माझंच पाणी जास्त.
सूत तुटलं तर गाठ मारतो मी,
डोळे मिटूनही.
देठाला ती येत नाही.

उरलेली बारा वाफ्यात लावली,
कोनासकट. कागद मुरेल मातीत.

आज तण काढताना
पानामागं बोटाला काहीतरी टोचलं.
बारीक, जांभळट काटा.

रेवा शाळेतून यायला अजून तास आहे.
तेवढा वेळ
मिरचीच.