चव्वेचाळीस बावीस

शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग भरतात तेव्हा ते अजून कोमट असतं,
असं तो सांगतो. मी हात लावून पाहिलेला नाही.
माझ्यापर्यंत येतं ते नुसतं वजन, सोळा टन दोनशे चाळीस,
होसूरचा पत्ता,
आणि पार्टीचं पुण्याहून, "परवा सकाळी आठ, म्हणजे आठ."

तो मला नावानं हाक मारत नाही. "ऑफिस, बोला."
मीही त्याला गाडीच्या नंबरानं ओळखते.
दस्तगीर बाबालाल शिकलगार
हे मी फक्त अ‍ॅडव्हान्सच्या व्हाउचरवर लिहिते.

नऊ वर्षं.
तवंदीचा घाट, हावेरी, चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या
मी पाहिल्यात त्या त्याच्या आवाजात.
स्वतः निपाणीच्या पुढं गेलेली नाही,
तेही मावसबहिणीच्या साखरपुड्याला.
पण हिरियूरच्या अलीकडच्या पंपावर नळाचं पाणी मचूळ आहे
हे नव्या पोरांना सांगते
अशी ठासून, जणू कालच प्यालेय.

मालक म्हणतात, गाडी उभी म्हणजे हप्ता पळतो.
तो म्हणतो, गाडीच पळत राहिली तर मी आडवा कधी व्हायचं?
या दोन वाक्यांच्या मधे माझी खुर्ची.
एक चाक तुटलंय तिचं. कलते.

भांडलोयही. परतीचा माल मिळेना म्हणून
दोन दिवस होसूरला तिष्ठत होता, हाल्टिंग मागितलं,
मी नाही म्हटलं. "तुमच्या खुर्चीला गिअर न्हाईत, ऑफिस,"
एवढंच बोलला.
महिनाभर बिल्टी शिपायाच्या हातनं पाठवली त्याला.

मार्गशीर्षातली रात्र. पावणेतीन.
ठिपका घरीही येतो माझ्याबरोबर, मोबाइलमधनं, उशीपाशी.
हिरवा होता, तुमकूरच्या अलीकडं लाल झाला.
चारदा रिंग गेली. पाचव्यांदा:
"ऑफिस, रस्ते दोन दिसायलेत.
खरा कुठला तेवढं सांगता काय?"

"दोन्ही सोडा. गाडी बाजूला घ्या, झोपा. मी बघतो."

(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'बघतो'च म्हणतो.
पुण्याच्या पार्टीशी बोलताना 'बघते' होते.
लिहितानाही, हे आत्ता ध्यानात येतंय.)

सकाळी पार्टीला सांगितलं, टायर फुटला.
कुठला? मागचा, डावा, आतला.
नऊ वर्षं ऐकलेलं असं कामी येतं.
मालकांनी तो टायर खर्चाच्या वहीत शोधला. नव्हता.
मग उशिराचा दंड. निम्मा माझ्या पगारातनं,
निम्मा त्याच्या भाड्यातनं,
तो मीच कापला, व्हाउचरवर, त्याच्या पूर्ण नावासमोर.
त्यानं सही केली. विचारलं नाही.
मी माझा निम्मा सांगितला नाही.

काल पोचपावती द्यायला स्वतः वर आला.
आवाजापेक्षा बुटका आहे.
टेबलापलीकडं बसला, चप्पल दाराबाहेर काढून,
चहा बशीत ओतला, कॅलेंडर बघितलं,
मी स्टेपलरमधे पिना भरल्या, भरलेल्या होत्या तरी.
"बरं हाय न्हवं?"
"बरंय. तुमचं?"
"बरंच म्हणायचं."
पंखा फिरत होता. मग तो उठला.

दहा मिनिटांनी फोन. तावडे हॉटेलचा चौक, मागं हॉर्नांचा गिल्ला,
फोन किन्नराच्या हातात, स्पीकरवर.
"हां ऑफिस. आता बोला."

आणि उजळाईवाडीपर्यंत मी बोलत राहिले,
खुर्चीबद्दल, पोराच्या दुखऱ्या कानाबद्दल,
आणि मधेच, सहज, त्या निम्म्याबद्दल.
पलीकडं नुसतं इंजिन.
"ठावं हाय," म्हणाला. "शिपाई सांगिटला."
मग आपल्या मुलीचं काढलं, दहावीचा फॉर्म का कायसा,
तेवढ्यात पुलावर आवाज तुटला.

गोकुळ शिरगावला जोडला परत.
"काय म्हणत हुतो मी?"
"मुलीचं."
"हां. मुलीचं."